उमरेडच्या रस्त्यावर याचं मी काय करू?

...अन् वरून म्हणते, छत उघडते! तुम्हाले सांगते, नागपूर, मे महिना, दुपारचे बारा, बाहेर शेचाळीस, कुत्रे नालीत जाऊन बसलेले, अन् तो सदरच्या शोरूममधला टायवाला उन्मेष मले सांगून राहिला की मॅडम, हे बटन दाबलं की छत सरकते अन् आकाश दिसते. काहून पाहू मी आकाश? सूर्य डोक्यावर घ्यायचाच असन त सायकल काय वाईट आहे? मी म्हटलं, बाबू, माणसानं गुहेत राहणं सोडलं, घर बांधलं, घराले छत टाकलं, गाडी बनवली, गाडीले छत टाकलं, इतकी मेहनत केली, अन् तुम्ही त्याले भोक पाडून जास्तीचे पैसे घेता? तर हसते. म्हणते, "मॅडम, सध्या कस्टमर सगळ्यात आधी हेच विचारतात." विचारत असतील. पण आता तुम्हीच सांगा, उमरेडच्या रस्त्यावर याचं मी काय करू?

थांबा, उमरेड कुठून आलं ते सांगते, नाही त तुम्ही म्हणसान बुढी भटकली.

मी जिजाबाई रामटेके, राहणार प्रताप नगर, वय एकाहत्तर. छप्पनले बापानं मले खांद्यावर घेऊन दीक्षाभूमीवर नेलं तेव्हा मी दोन वर्षांची होती, म्हणजे हिशोब तुम्हीच करा. शाळा चौथीपर्यंत. बाकीचं सारं मी माह्या हातानं शिकली. गाडीसुद्धा. आमचे हे, प्रेमानंद, वीज खात्यात होते. त्यांनी एक लहानी पांढरी गाडी घेतली अन् दोन वर्षं तिले फडक्यानं पुसली. मले हात लावू दिला नाही. म्हणे, "तुह्याच्यानं व्हायचं नाही वं." मग ते गेले. पुण्यानुमोदन झालं, पाहुणे गेले, अन् मी गाडीच्या कप्प्यातून तिचं पुस्तक काढलं. इंग्रजी. बाजूले डिक्शनरी घेतली. पान एक ते पान दोनशे अठरा. मग आंगणात सहा फूट पुढं, सहा फूट मागं, दीड महिना. जास्वंदीची एक कुंडी गेली, बाकी कोणाचं काही गेलं नाही. लायसन पहिल्या खेपेत. साहेब म्हणाला, "आजी, कोणत्या क्लासमध्ये शिकल्या?" मी म्हटलं, चौथीत.

तवापासून पंधरा वर्षं, दर रविवारी सकाळी नऊ वाजता, मी उमरेडले जाते. तिथं यमुताई राहते, माही मोठी बहीण. अठ्ठ्याहत्तरची आहे. जन्मभर हातमागावर बसली, आता गुडघे वाकत नाहीत. एसटीची पायरी तिले हिमालय वाटते, म्हणून ती येत नाही, मी जाते. दोघी जेवतो, बापाच्या एका जुन्या फोटोवरून भांडतो की तो तिच्याकडे काहून आहे, अन् संध्याकाळी मी परत येते. एवढंच. पण हे एवढंच आहे म्हणून आठवड्यातले बाकीचे सहा दिवस निघतात.

आता या वर्षी माह्या पोराले, धर्मेंद्रले, साक्षात्कार झाला की गाडी सतरा वर्षांची झाली. म्हणते, "आई, ही एक्स्चेंजमध्ये देऊन टाकू, मोठी घेऊ." सून मेघा म्हणते, "हो ना आई, आता तुम्ही आरामात मागे बसा, किती दिवस चालवसान?" अन् धर्मेंद्र म्हणते, "उमरेडले जायचं असलं की मले फक्त सांग."

मले फक्त सांग! तुम्हाले म्हणून सांगते, ज्या बाईले कुठं जायच्या आधी सांगावं लागते, ती बाई महिन्याभरात कुठंच जात नाही. पहिल्या रविवारी हा दहाले उठणार. दुसऱ्या रविवारी याची कटिंग. तिसऱ्या रविवारी साल्याचं वास्तू. चौथ्या रविवारी मीच म्हणणार, जाऊ दे रे. अन् तिकडे यमुताई दारात खुर्ची टाकून बसलेली. अन् सगळे म्हणतील, आजी किती आरामात आहे.

म्हणून मी म्हटलं, शोरूममध्ये मी भी येते. अन् गेलो कधी? रविवारी! काहून की धर्मेंद्रले सुट्टी रविवारीच. म्हणजे पहिलाच रविवार माह्या उमरेडचा गेला, गाडी घ्यायच्या आधीच.

त उन्मेष सुरू झाला. सतरा फीचर. मी मोजले, तो बोटं दुमडून दुमडून सांगून राहिला होता. म्हणते, "मॅडम, आतमध्ये चौसष्ट रंगांचे लाइट आहेत, तुमच्या मूडनुसार बदलतात." मी म्हटलं, माहा मूड एकच आहे. म्हणते, "ही साडेबारा इंचाची स्क्रीन, सगळं इथूनच." मी म्हटलं, एसी वाढवून दाखव. त्यानं एकदा टच केलं, मग पंख्याचं चित्र आलं, त्यावर टच केलं, मग दुसरं पान उघडलं, तिथं बोट सरकवलं, अन् गाणं लागलं. मी म्हटलं, बाबू, तू उभा आहेस, गाडी उभी आहे, शोरूममध्ये थंडी आहे, तरी तुले सापडून नाही राहिलं. मी सत्तरच्या स्पीडनं चालली, पुढं कोळशाचा ट्रक, मागं कोळशाचा ट्रक, अन् मी टीव्हीत पंख्याचं चित्र शोधू? माह्या पांढरीत गोल खटका आहे. डोळे रस्त्यावर, हात खटक्यावर, कर्र केलं की थंडी. त्याले फीचर म्हणत नाहीत, त्याले अक्कल म्हणतात.

मग म्हणते, सीटमधून थंडी हवा येते. मी बसून पाहिलं. येते. तुम्हाले खरं सांगते, मले आवडलं. पण मी बोलली नाही. दुकानात आवडलं म्हणायचं नसते.

मी म्हटलं, स्टेपनी दाखव. तर म्हणते, "मॅडम, या मॉडेलमध्ये स्टेपनीच्या जागी पंक्चर किट दिलं आहे." किट म्हणजे काय, एक डबी अन् एक नळी! मी म्हटलं, चौसष्ट लाइटले जागा आहे अन् पाचव्या चाकाले नाही? पाचगावच्या पुढं खिळा घुसला त मी काय मूडचा लाइट लावून बसू?

मग मी पुढच्या काचेखालची जागा वीतीनं मोजली. उन्मेष पाहतच राहिला. "मॅडम, हे काय करून राहिले तुम्ही?" मी म्हटलं, मुंगवड्या किती बसतात ते पाहून राहिली. आता नागपुरातल्या बाईले हे सांगावं लागत नाही, पण त्याच्याकडे पाहून वाटलं की याच्या घरी पाकिटातल्याच येतात. मुगाची डाळ भिजवायची, वाटायची, लसूण-मिरची-हिंग घालायचा, ताटात वड्या टाकायच्या, अन् ताट बंद गाडीत काचेखाली ठेवून गाडी उन्हात उभी करायची. कावळा नाही, वानर नाही, धूळ नाही, दोन दिवसांत खडखडीत. पंधरा वर्षं माही गाडी उन्हाळ्यात हेच काम करते. माह्या पांढरीत साडेचार वीत जागा आहे, सपाट. याच्यात सारा उतार, अन् मधात तो टीव्ही उभा. मी म्हटलं, याच्यात त तीन वड्या राहत नाहीत. धर्मेंद्र कपाळाले हात लावून म्हणते, "आई, आपण गाडी पाहायले आलो ना वं?" मी म्हटलं, मग मी काय पाहून राहिली, म्हैस?

शेवटी मी म्हटलं, चालवून पाहते. उन्मेष धर्मेंद्रकडे पाहते, धर्मेंद्र मेघाकडे पाहते, मेघा भिंतीवरच्या पोस्टरकडे पाहते. उन्मेष म्हणते, "मॅडम, टेस्ट ड्राइव्ह पाच किलोमीटरची असते, अन् सर चालवतील..." मी पर्समधून लायसन काढून त्याच्या हातात दिलं. मेडिकलवालं. दोन वर्षं बाकी आहे अजून. त्यानं उलटंपालटं करून पाहिलं अन् चावी दिली.

बसली. दोनच पायडल! डाव्या पायाले पंधरा वर्षांची सवय, त्यानं क्लच शोधला, ब्रेक भेटला, दाबला. मागं मेघाचं नाक सीटले. मी म्हटलं, डाव्या पाया, तू आजपासून रिटायर. अन् निघालो. पाच किलोमीटर म्हणजे कुठपर्यंत, ते काही मी विचारलं नव्हतं. सक्करदरा आलं, गेलं. दिघोरी आलं, गेलं. उन्मेष बाजूच्या सीटवर, म्हणते, "मॅडम, यू-टर्न इथून घेऊ." मी म्हटलं, इथं गर्दी आहे. पुढं म्हणते, "मॅडम, इथून घेऊ." मी म्हटलं, इथं खाली आहे, खाली रस्त्यावर कोणी यू-टर्न घेते का? मागून धर्मेंद्र, "आई, तू कुठं चालली?" मी म्हटलं, गाडी उमरेडच्या रस्त्यावर पाहाची का शोरूमच्या फरशीवर?

अन् गाडी टी-टी-टी! डावीकडे गेली त टी-टी, उजवीकडे गेली त टी-टी, सायकलवाला दिसला त टी-टी-टी-टी. अन् मधातच स्टीअरिंग आपोआप ओढते. उन्मेष म्हणते, "मॅडम, तुम्ही पांढरी पट्टी ओलांडली म्हणून गाडी तुम्हाले लेनमध्ये परत आणून राहिली." मी म्हटलं, समोरून ट्रक माह्या लेनमध्ये येऊन राहिला, मी जीव वाचवायले बाजूले होते, अन् ही मले ओढून परत त्याच्या पुढ्यात नेते? माह्या सासूनं माहा हात असा धरला नव्हता. आता तुम्हीच सांगा, उमरेडच्या रस्त्यावर याचं मी काय करू?

पाचगावच्या पुढं एक म्हैस रस्त्यात आली. मी ब्रेकवर पाय ठेवायच्या आधी गाडीनं स्वतःच कचकन मारला. उन्मेषले इतका आनंद, "पाहिलं मॅडम? ऑटोमॅटिक!" पाहिलं. पण आता म्हैस भी थांबली अन् गाडी भी थांबली. दोघी एकमेकींकडे पाहून राहिल्या. मी हॉर्न दाबला, तर असा नाजूक, लग्नात नवरीकडची मावशी खोकलते तसा. म्हशीनं कान भी हलवला नाही. शेवटी मी काच खाली केली, मुंडी बाहेर काढली अन् हऽऽर्र केलं. गेली. अठरावं फीचर.

तितक्यात उन्मेषचा फोन. मॅनेजर असावा. "हो सर... टेस्ट ड्राइव्हच सर... पाचगाव सर... नाही सर, मी नाही चालवत आहे सर... आजी सर."

उमरेडले पोचलो तर यमुताई दारात खुर्ची टाकून बसलेली. सकाळी नऊपासून. दुपारचे दोन वाजले होते. गाडी ओळखली नाही तिनं. मी उतरली तवा म्हणते, "जिजे, काहून वं इतका उशीर? वांगे पार थंडे झाले." मग मागून धर्मेंद्र उतरला, मेघा उतरली, टायवाला उतरला. म्हणते, "अन् हा कोन?" मी म्हटलं, हा गाडी विकते. म्हणते, "मग जेवला नसन." उन्मेष नाही नाही म्हणत बसला, अन् बसल्यावर तीन भाकरी अन् दोन वाट्या वांग्याचा रस्सा. टाय काढून खिशात. घाम पुसत म्हणते, "यमुआजी, माह्या आजीच्या हातची भाजी अशीच होती." मले तेव्हा तो पहिल्यांदा माणसासारखा वाटला.

जेवल्यावर यमुताई म्हणते, मले बसवा गाडीत. पाय उचलते तर पोचत नाही. उंच गाडी! पाट आणला, पाटावर उभं केलं, मी पुढून ओढलं, धर्मेंद्रनं मागून ढकललं. बसली. पूर्ण गाडी पाहिली, छत पाहिलं, टीव्ही पाहिला. मग धर्मेंद्रले म्हणते, "बाबू, गाडी मस्त आहे. पण ही गाडी आली की जिजी यायची बंद, असं नको करजो. बस." अन् उतरवा म्हणाली. धर्मेंद्र पाट उचलायच्या निमित्तानं खाली वाकला तो बराच वेळ वाकूनच होता.

निघतानी यमुताईनं दोन गोष्टी दिल्या. एक तांदळाचं पोतं. डिक्की उघडली तर तिथं गाणे वाजवायचा डबा बसवलेला. म्हणून पोतं मागच्या सीटवर, मेघा अन् धर्मेंद्रच्या मधात. निघालो, टी-टी-टी! उन्मेष म्हणते, मधातल्या पॅसेंजरनं बेल्ट नाही लावला. पोत्याले बेल्ट लावला, तवा चूप बसली. अन् दुसरं, सकाळीच टाकलेल्या मुंगवड्यांचं ताट, वरून फडकं बांधलेलं. उमरेडले वानरं ठेवत नाहीत, म्हणून ओल्याच माह्याकडे देते, मी गाडीत वाळवते. दर उन्हाळ्यात. ते मी सवयीनं ड्रायव्हरच्या सीटमागं खाली सरकवलं.

अन् शोरूमले पोचलो तवा मॅनेजर दारातच उभा, इतकं बोलला, इतकं बोलला, मी त्याच्याहून जास्त बोलली, या गडबडीत पोतं उतरलं अन् ताट राहिलं. सवयच तशी ना! पंधरा वर्षं ताट गाडीतच राहते, गाडी माह्या दारात राहते. ही गाडी माही नाही, हे माह्या ध्यानातच नाही आलं.

गाडी तिथं तीन दिवस उन्हात उभी. काचा बंद. बुधवारी उन्मेषचा फोन, दबक्या आवाजात. "मॅडम, एक विचारू? गाडीत... काही मेलं आहे का?" म्हणते, मेकॅनिकनं एसी खोलला, बोनेट उघडलं, उंदीर शोधून राहिले. मी म्हटलं, लसूण आहे का वास? म्हणते, "लसूण अन् हिंग, मॅडम." मी पांढरी काढून गेली. ताट काढलं, फडकं सोडलं... काय सांगू तुम्हाले! एक एक वडी खडखडीत, बिना बुरशीची, रंग सोन्यासारखा. मी वर पाहिलं. ते काचेचं छत! पूर्ण दिवस ऊन आत. त्या क्षणी मी त्या छताची मनातल्या मनात माफी मागितली. मोठ्यानं नाही.

पण वास काही जाईना. फवारे मारले, धुतली, कॉफीच्या पुड्या ठेवल्या. आता कॉफी अन् हिंग दोन्ही येऊन राहिलं. धरमपेठचं एक जोडपं पाहायले आलं, दार उघडलं, नाकाले रुमाल लावला, गेलं. डेमोची गाडी, पण दाखवता येईना कोणाले. शेवटी मॅनेजरनंच धर्मेंद्रले फोन केला, म्हणते, सर, ही तुम्हीच घेऊन जा, भाव आपण बसून बोलू. भाव इतका खाली आला की धर्मेंद्रनं मले पहिल्यांदा विचारलं, "आई, तुले चालन का?" मी म्हटलं, मले कशाचा वास येते?

अशी आली गाडी. डिलिव्हरीच्या दिवशी चाकाखाली ठेवायले त्यांनी चार लिंबू आणले होते. मी म्हटलं, आमच्यात लिंबू चाकाखाली देत नाहीत, सरबतात टाकतात. उचलून पर्समध्ये ठेवले. तिथून सरळ दीक्षाभूमी, मग घर. पांढरी गेली. न्यायले आलेला माणूस म्हणते, "आजी, हिचं पुस्तक पाहिजे." मी म्हटलं, वाचता येते का तुले? नाही दिलं.

पण धर्मेंद्र बसला ना नव्या गाडीत, अन् मजा पहा. पहिल्याच दिवशी टी-टी-टी, घाबरला, फाटकाले घासली. दुसऱ्या दिवशी स्टीअरिंगनं ओढलं, तो भी ओढते, ती भी ओढते, रस्त्यात दोघांचं भांडण. चौथ्या दिवशी मेघा म्हणाली मी ऑटोनं जाते. अन् मी? मी आंगणात खुर्ची टाकून पुस्तक वाचून राहिली होती. पाने चारशे बारा. तीन आठवडे लागले. पान दोनशे सदतीसवर लिहून आहे ते ओढणं कसं बंद करायचं. पान दोनशे चाळीसवर टी-टी. पान एकशे नऊवर एसीचं एक बटन, स्टीअरिंगवरच आहे, उन्मेषले भी माहीत नव्हतं. मी त्याले फोन करून सांगितलं. त्यानं लिहून घेतलं.

त आता लोकं मले विचारतात, जिजाबाई, गाडीत काय पाहावं? मी म्हणते, एसी पाहा, मेमधला, जानेवारीतला नाही. सीट पाहा, लुगड्यात चढता येते का. खटका पाहा, हाताले सापडते का. हॉर्न पाहा, म्हैस ऐकते का. अन् पुस्तक पाहा, ते वाचणारं घरात कोण आहे. बाकी सारं लाइटिंग आहे.

अन् आमच्या घरात वाचणारी मीच, म्हणून चालवणारी भी मीच. धर्मेंद्र म्हणते, "आई, तुलेच जमते वं, तूच चालव." मी जिंकली! तर आता सोमवारी मेघाले बँकेत सोडा, मंगळवारी नातीले, भूमिकाले, क्लासले, बुधवारी शेजारच्या हिमानीच्या सासूले स्टेशनवर, काहून की "तुम्ही जाऊनच राहिल्या ना." स्टीअरिंगसाठी भांडली, ड्रायव्हरची नोकरी भेटली.

रविवारी मात्र सकाळी नऊले उमरेड. ते सुटलं नाही. फक्त आता एकटी नाही जात. धर्मेंद्र, मेघा, भूमिका, सगळे येतात, यमुमावशीकडे जेवायले. तिघं भी दिघोरीच्या आधीच झोपतात, त्या थंड्या हवेच्या सीटवर. येतानी भी झोपतात. मी एकटी जागी, पंचेचाळीस किलोमीटर जाणं, पंचेचाळीस येणं. घरी पोचल्यावर धर्मेंद्र उतरते, दोन्ही हात वर करून आंग मोडते, जांभई देते अन् म्हणते,

"आई, चहा मांड ना वं. लय थकलो."

आता काय करता? मांडते.